प्रधानबाई आणि अस्वलांची कामं

माझी मुलाखत घेताना प्रधानबाईंनी माझ्या एका हातात पपनस दिलं, दुसऱ्या हातात लोकरीचा गुंडा दिला आणि म्हणाल्या, "गुंडाळ."

मी कळव्याहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. फाईलमध्ये सगळी प्रमाणपत्रं क्रमानं लावली होती. ती फाईल त्यांनी खिडकीच्या फटीत खोचली, कारण खिडकी वाऱ्यानं आपटत होती.

"काय गुंडाळू?"

"लोकर. हे पपनस म्हणजे पृथ्वी. लोकर म्हणजे उपग्रह ज्या वाटेनं फिरतो ती वाट. आपल्याला कोकणचे फोटो काढायचेत. बघू कसा फिरवतोस."

कॉलेजात शिकवलं होतं तसं मी केलं. देठावरून खाली, बुडाखालून पुन्हा वर, दर वेळी पपनस थोडं वळवायचं. पृथ्वी खाली फिरत असते, म्हणून एकच उपग्रह असा उभा फिरवला तर हळूहळू सगळी पृथ्वी त्याच्या नजरेखालून जाते. पुस्तकात हेच होतं. बाईंनी मला शांतपणे सगळा गुंडा संपवू दिला. मग देठापाशी, जिथे लोकरीचा हा एवढा ढीग झाला होता तिथे बोट ठेवलं.

"इथे कोण राहतं?"

"उत्तर ध्रुवावर? कोणी नाही."

"कोणी नाही कसं? अस्वलं राहतात. पांढरी. बघ, त्यांच्या डोक्यावर किती लोकर घातलीस. आणि हे आपलं कोकण." त्यांनी पपनसाच्या पोटावर नखानं ओरखडा काढला. "इथे किती धागे? एक. तोही कडेनं गेलाय. तू कोकणचे फोटो काढायला आलायस की अस्वलांचे?"

मग त्यांनी लोकर सोडवली आणि पपनसाच्या पोटाभोवती किंचित तिरकी गुंडाळली. प्रत्येक वेढा कोकणाच्या आसपासच घुटमळू लागला. मला नोकरी मिळाली. मुलाखत संपल्यावर बाईंनी पृथ्वी सोलली, तिला मीठ लावलं आणि आम्ही ती खाल्ली. जरा कडू निघाली.

आमची कंपनी नौपाड्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मालक अनिरुद्ध सबनीस. माझ्याहून थोडेच मोठे, हुशार, आणि कायम घाईत. जिना चढतानासुद्धा ते फोनवर "मी पोचलोय" असं सांगत असत. त्यांचं स्वप्न होतं उपग्रहमालेचं. एक उपग्रह एकटा फार काही करू शकत नाही. तो येतो, फोटो काढतो, निघून जातो. पण लहान लहान उपग्रह माळेत ओवल्यासारखे एकामागून एक सोडले, तर आपल्या किनाऱ्यावर कोणाची ना कोणाची नजर राहते. खाडीत गाळ कुठे साचतोय, खारफुटी कोण तोडतंय, आंब्याच्या बागांवर रोग कुठून पसरतोय, हे सगळं वेळेवर कळतं. ते उपग्रह किती, कोणत्या वाटेनं आणि कोणाच्या मागे कोण, हे ठरवणं बाईंचं काम. मी त्यांचा मदतनीस.

कुमुद प्रधान हे त्यांचं पूर्ण नाव. उंची बेताची, सुती साडी आणि तिच्याखाली पळायचे बूट. आयुष्यभर एका सरकारी संस्थेत, परगावी, त्यांनी उपग्रहांच्या वाटा आखल्या होत्या. निवृत्त होऊन नौपाड्यातल्या घरी आल्या आणि लगेच कंटाळल्या. प्रधानकाका सांगत, "ही घरात राहिली असती तर मला कक्षेत सोडलं असतं."

बोलण्यात बाई फार काटेकोर होत्या. कोणी "उपग्रह वर गेला" म्हटलं की त्या थांबवायच्या. "वर माणसं जातात. उपग्रह फिरायला जातो." ऑफिसात नवीन आलेल्या एकानं, उपग्रह खाली का पडत नाही, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "पडतोच की. सारखा पडत असतो. पण इतका धावत पडतो की जमीन हुकते. आमचे हे तसेच जिना उतरतात."

आणि अस्वलं. जे काम केल्यानं कोणाचंही भलं होत नाही, ते बाईंच्या लेखी 'अस्वलांचं काम'. पुढची मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायला घेतलेली मीटिंग म्हणजे अस्वलांचं काम. एकाच माणसाच्या वाढदिवसाला तीन केक, अस्वलांचं काम. सबनीस कधी कधी पाऊण तास बोलत. त्या वेळी बाई माझ्याकडे बघून बोटं वाकवून पंजा करायच्या, आणि मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळावं लागायचं.

आमच्या घरी सत्यनारायणाला त्या कळव्याला आल्या होत्या. माझे वडील जन्मभर खाडीत मासेमारी केलेले. त्यांनी प्रसाद द्यायच्या आधीच बाईंना गाठलं. "मना सांगा बाय, तुमच्या त्या वरच्या डब्याला खारीन मासली दिसल का?"

मी मनात म्हटलं, आता 'वर' या शब्दावरून झापणार. पण बाईंनी तेवढं सोडून दिलं. म्हणाल्या, "मासळी नाही दिसत. पाण्याचा रंग दिसतो. गढूळ आहे की स्वच्छ, ते कळतं. मासळी कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक."

वडील खूश झाले. "बाय खरी हाय," ते मला म्हणाले आणि बाईंना घरी न्यायला सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. घरी जाताना बाई ऑफिसात डोकावल्या, ती पिशवी चुकून तिथेच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानात नंबर काढायला आलेली माणसं डोळे सोडून नाक पुसू लागली.

या खरेपणावरूनच त्यांचं सबनीसांशी वाजायचं. सबनीसांनी एक माहितीपत्रक छापायला काढलं. त्यात लिहिलं होतं, 'तुमच्या बागेतलं प्रत्येक झाड आकाशातून पाहा.' बाईंनी लाल पेनानं ते खोडलं.

"झाड दिसत नाही, सबनीस. बाग दिसते."

"मॅडम, हे मार्केटिंग आहे."

"मग लिहा, झाड बघायचं असेल तर चपला घाला आणि बागेत जा."

"लोक आपल्याला काम का देतील मग?"

"बाग दिसते म्हणून देतील. मी उभ्या आयुष्यात जे दिसत नाही ते दिसतं असं म्हटलेलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. प्रधानांना विचारा."

खरा वाद मात्र उपग्रहमालेवरच होता. सबनीसांना उपग्रह देठावरून जाणारे हवे होते, म्हणजे ध्रुवांवरून. जगभर तसेच सोडतात, पैसे लावणाऱ्यांना तेच कळतं, असं ते म्हणत. शिवाय संख्या भरपूर हवी. बाईंचं म्हणणं, मोजकेच उपग्रह, पण तिरके, पृथ्वीच्या पोटाभोवती फिरणारे. जगाचं जग बघेल, आपण आपलं अंगण बघू.

"मॅडम, मोजकेच? बघणाऱ्याला वाटेल, आपल्याकडे आहेच काय!"

"आणि भरपूर करून त्यातले बहुतेक अस्वलांवरून फिरवणार? तिकडे लग्नाचे फोटोग्राफर म्हणून नाव काढाल."

हे चालू असतानाच कंपनी बुडायला आली. पगार उशिरा होऊ लागले, चहा बाहेरून यायचा तो बंद झाला. तेवढ्यात कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या आणि मच्छीमारांच्या काही सहकारी संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी आम्हाला बोलावणं धाडलं. त्यांचे पुढारी परबतात्या, देवगडकडचे, स्वतःच ठाण्याला येणार होते. त्यांना पटलं तर काम मिळणार, नाही तर आम्ही सगळे घरी. सबनीसांनी बजावलं, "मॅडम, तात्यांसमोर माझाच आराखडा जाईल. प्लीज, पपनस आणू नका."

बाईंनी मान डोलावली. मला ती मान मुळीच आवडली नाही.

तात्या आले ती शुक्रवारची सकाळ होती. सबनीसांनी सुंदर स्लाइड्स केल्या होत्या. निळी पृथ्वी, तिच्याभोवती सोनेरी रेषा, मागे संगीत. तात्या स्थिरावले, सबनीसांनी "नमस्कार" म्हटलं आणि वीज गेली. त्या शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार, हे सगळ्या नौपाड्याला माहीत होतं. सबनीस डोंबिवलीचे, त्यामुळे त्यांना नव्हतं. इन्व्हर्टरवर एकच पंखा चालला आणि तोही थोड्या वेळानं दमला. मग आम्ही सगळे लॅपटॉपच्या पडद्याभोवती डोकी जुळवून बसलो. तात्यांना चष्मा लावूनही सोनेरी रेषा दिसेनात. घाम पुसत ते म्हणाले, "माका इतक्याच सांगा. आमच्या बागेवरसून दिसाक कितीदा जातलो तो?"

सबनीस उत्तर शोधत चौतिसाव्या स्लाइडकडे निघाले.

"चला," बाई उठून म्हणाल्या. "दाखवते."

जवळच एक बाग होती. तिथे सकाळी ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब भरायचा आणि हसून झाल्यावर सगळे कट्ट्यावर बसून गंभीर चेहऱ्यानं राजकारण बोलायचे. प्रधानकाका त्यात होते. बाईंनी विटेचा तुकडा उचलला आणि बॅडमिंटनच्या सिमेंटच्या मैदानावर भराभर नकाशा काढला. मधून आडवी रेघ, ते विषुववृत्त. वरची भिंत उत्तर ध्रुव, खालची भिंत दक्षिण ध्रुव. रेघेच्या थोडं वर एक खुर्ची ठेवली.

"तात्या, बसा. तुम्ही कोकण."

तात्या बसले. कोकण म्हणून बसायचं म्हटल्यावर त्यांनी टोपी नीट केली.

मग बाईंनी हास्यक्लबाला उभं केलं. निम्म्यांना सांगितलं, तुम्ही सबनीसांचे उपग्रह. खालच्या भिंतीपासून वरच्या भिंतीपर्यंत चालायचं, ध्रुव एकच म्हणून भिंतीच्या मध्याला हात लावायचा, पुन्हा खाली यायचं, आणि पृथ्वी फिरतेय म्हणून दर खेपेला एक पाऊल बाजूला सरकायचं. उरलेल्यांना सांगितलं, तुम्ही माझे. मधल्या रेघेच्या वर-खाली नागमोडी चालायचं. पूर्वेच्या टोकाला पोचलात की पळत पश्चिमेला यायचं, कारण पृथ्वी गोल आहे. तात्यांच्या जवळून जो जाईल त्यानं "फोटो!" असं ओरडायचं.

"कुमुद, मी कोणाचा?" काकांनी विचारलं.

"एवढ्या वर्षांनी हे विचारताय? माझे. व्हा पुढे."

आणि उपग्रहमाला सुटली. सबनीसांचे उपग्रह शिस्तीत वरच्या भिंतीकडे गेले आणि सगळे तिथेच एकमेकांना आदळले. "बघा, अस्वलांकडे किती गर्दी झाली," बाई म्हणाल्या. नागमोडी चालणारे मात्र एकामागून एक तात्यांपाशी येत होते. "फोटो!" "फोटो!" "फोटो!" तात्या आधी बिचकले, मग प्रत्येकाकडे बघून पोज देऊ लागले. बागेत खेळणारी मुलं, भाजी घेऊन चाललेल्या बायका, सगळे कुंपणाला टेकून उभे राहिले.

गोंधळ व्हायचा तो झालाच. प्रधानकाका तात्यांपाशी येऊन थांबले आणि विचारू लागले, "यंदा मोहर कसा आहे?"

"अहो, उपग्रह थांबत नाही! थांबला की पडतो!" बाई ओरडल्या.

"अगं, पण माणूस एवढ्या लांबून आलाय."

"मग चालता चालता विचारा!"

काका पुढच्या फेरीला येऊन उरलेला प्रश्न विचारून गेले. तात्यांनी उत्तर त्याच्या पुढच्या फेरीला दिलं.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "आणि पावसात काय? आमच्याकडे चार म्हयने ढगच ढग."

बाईंनी मला छत्री घेऊन तात्यांच्या डोक्यावर धरायला लावलं. मी ढग झालो. उपग्रह येत, वाकून बघत आणि "दिसत नाही" म्हणून पुढे जात. मग बाईंनी काठीवाल्या दिघेकाकांना बोलावलं. "हा उपग्रह डोळ्यांनी बघत नाही. हा लहर सोडतो. ती ढगातून खाली जाते, आपटून परत येते, त्यावरून याला कळतं." दिघेकाकांनी छत्रीखालून काठी घालून तात्यांच्या खुर्चीचा पाय ठोकला. "कोण आहे?"

"मी आसंय!" तात्या आतून म्हणाले.

दिघेकाका अभिमानानं वळले. "कोकण आहे."

सगळी बाग हसायला लागली. हास्यक्लबात इतकं खरं हसू त्याआधी कधी आलं नव्हतं, असं सगळ्यांचं मत पडलं.

आणि नेमकं तेव्हाच बाईंच्या माळेतल्या रेगेबाई मटकन खाली बसल्या. "माझा गुडघा गेला बाई. मी आता फिरत नाही." बाकीचे चालत राहिले. तात्या वाट बघत बसले. कोणी आलं नाही. रेगेबाईंच्या जागची पोकळी खुर्चीसमोर आली आणि बराच वेळ रिकामीच राहिली.

"आता कोण येणा नाय तो?" तात्यांनी विचारलं. "ह्या येळाक आमची होडी वादळात असली तर?"

बाईंनी ती रिकामी जागा नजरेनं मोजली. मोजकेच उपग्रह ठेवायच्या नादात त्यांनी एकही जादा ठेवला नव्हता. मी त्यांच्याकडे बघत होतो. काहीतरी उत्तर देऊन त्यांना वेळ मारून नेता आली असती. त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तात्या, हे माझं चुकलं. सबनीस जास्त उपग्रह मागत होते, ते बरोबर होतं."

सबनीस तोपर्यंत कुंपणापाशी हातात मेलेला लॅपटॉप घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि चकचकीत बुटांनिशी रेगेबाईंच्या जागी जाऊन नागमोडी चालू लागले. तात्यांपाशी आल्यावर "फोटो!" म्हणाले आणि चालता चालताच पुढचं सांगितलं, "आणि तात्या, ध्रुवावरून जाणारेही थोडे हवेत बरं का. ते रोज त्याच वेळेला येतात, सावल्या तशाच असतात. कालची बाग आणि आजची बाग ताडून बघता येते."

"ह्यातही तथ्य आहे," बाई म्हणाल्या.

"हे तुम्ही मला आधी का नाही म्हणालात?"

"तुम्ही मला चालून कुठे दाखवलंत?"

तात्यांनी खुर्चीवरून उठून सांगितलं की दोघांनी मिळून एकच आराखडा करावा, आणि काम आम्हालाच. जाताना दिघेकाकांना म्हणाले, "तुमी येवा देवगडाक. काठी घेवन."

त्यानंतर बाई आणि सबनीस एकाच टेबलावर बसून भांडले आणि माळ ठरली. थोडे उभे, बरेच तिरके, ढगांसाठी रडारवाले, आणि प्रत्येक वाटेवर एक जादा. या जादा उपग्रहाला कागदोपत्री भारदस्त नाव होतं, पण ऑफिसात सगळे त्याला 'रेगेबाई' म्हणत.

पहिला उपग्रह सुटायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं की त्याचा पहिला फोटो आला की आपण काम सोडणार. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "मला पोहायला शिकायचंय. राहून गेलंय." सबनीसांनी खूप समजावलं. बाई म्हणाल्या, "आता वाटा आखून झाल्या. यापुढे मी इथे बसून नुसती मतं देणार. तुम्हाला माहीत आहे ते कोणाचं काम." सबनीसांनी हसत बोटं वाकवून पंजा केला. ते त्यांना कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

उपग्रह सुटला, नीट वाटेला लागला आणि एका स्वच्छ दिवशी दुपारी आपल्यावरून गेला. संध्याकाळच्या आत फोटो आमच्या पडद्यावर आला. सगळे खुर्च्या ओढून बसलो. खाडी दिसली, तिच्या काठानं गडद हिरवी खारफुटी दिसली, कळव्याचा पूल दोऱ्यासारखा दिसला. प्रत्येक जण आपापलं घर शोधू लागला. ते दिसणं शक्यच नव्हतं. एकेका ठिपक्यात अख्खी सोसायटी गडप झाली होती. बाई किनाऱ्याची रेघ वरून खाली बघत होत्या, आणि त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रधानकाका होते. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे ते फोनवर इतक्या मोठ्यांदा बोलत की स्पीकर लावायची गरजच नसे.

"कुमुद, आला का फोटो? अगं, तू वेळ सांगितली होतीस ना, मी तेव्हा गच्चीवर गेलो होतो! पलंगावरची चादर घेऊन! चांगला अर्धा तास हलवत होतो! दिसतोय का मी?"

सबनीस बाईंकडे बघू लागले. मीही बघू लागलो. बाईंनी पडद्यावरच्या नौपाड्याकडे पाहिलं. करडे ठिपके, त्यांच्या मधून एक फिकट रेघ. बराच वेळ पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसताय की."

"खरंच?"

"खरंच. पण एवढ्या उन्हात टोपी का नाही घातलीत?"

मग काकांचा दबलेला, भेदरलेला आवाज आला. "तेही दिसतं?"

बाईंनी "येते मी घरी" म्हणून फोन ठेवला, पर्स उचलली, सबनीसांच्या आणि माझ्या पाठीवर एकेक थाप मारली आणि पळायच्या बुटांनी टपटप करत जिना उतरून गेल्या. आता त्या रोज सकाळी तरणतलावावर जातात. शिकवणाऱ्याशी त्यांचा 'बुडणं' या शब्दाच्या नेमक्या अर्थावरून वाद चालू आहे असं ऐकतो.

काकांनी ती हकिगत बागेतल्या सगळ्यांना सांगितली. तेव्हापासून त्यांच्या इमारतीत पापड वाळत घालायलासुद्धा कोणी बोडक्या डोक्यानं गच्चीवर जात नाही.